ब्रोशरमधला स्पीड आणि सामान भरलेल्या बास बोटीचा स्पीड

नवीन बास बोट घेतली की पहिल्या महिन्यात एक प्रश्न हमखास येतो. डीलर म्हणाला होता ताशी 75 मैल जाईल, मग माझी 67-68 ला का अडकते, इंजिनात काही गडबड आहे का? बहुतेक वेळा इंजिनात काहीही गडबड नसते. 75 हा आकडा एकटा ड्रायव्हर, थोडंसं पेट्रोल, रिकामे कप्पे आणि छान थंड हवा असतानाचा असतो. आपण मात्र बोट घेऊन निघतो तेव्हा टाकी भरलेली, दोन माणसं, चार बॅटऱ्या, डझनभर रॉड, शिशाची आणि टंगस्टनची वजनं भरलेले डबे, बर्फाची पेटी आणि परत येताना लाइव्हवेलमधे, म्हणजे पकडलेले मासे जिवंत ठेवायच्या टाकीत, पाणी. ही बोट वेगळी आणि ती बोट वेगळी. माझं म्हणणं एवढंच आहे की बोट सेट करायची ती भरलेल्या अवस्थेत करायची, रिकाम्या नाही, आणि हे एकदा पटलं की पुढचं सगळं सोपं होत जातं.

ज्यांना बास बोट म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत तळ्यांमधे लार्जमाउथ बास नावाचा मासा पकडायच्या स्पर्धा होतात आणि त्यासाठी ही खास बोट बनते, फायबरग्लासची, 18 ते 21 फूट, बुटकी, वर सपाट डेक म्हणजे उभं राहून गळ टाकता येतो, पुढे विजेवर चालणारी छोटी ट्रोलिंग मोटर आणि मागे दणदणीत आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या बाहेर मागच्या बाजूला लावलेलं इंजिन. 1948 मधे लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला होम्स थर्मंड यांनी अशी पहिली बोट बनवली, तीच पुढे स्कीटर झाली. 1967 मधे रे स्कॉट यांनी आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर मोठी स्पर्धा भरवली, 1968 मधे त्याच राज्यात फ्लिपिन गावात फॉरेस्ट वूड यांनी रेंजर बोटी सुरू केल्या, आणि मग स्पीडची हौस वाढतच गेली, कारण स्पर्धेत वेळ बांधलेला असतो आणि मासे कुठे 30 मैलांवर असतात. टेक्सासचं सॅम रेबर्न तळं 1 लाख 14 हजार एकराच्या आसपास आहे, टोलेडो बेंड त्याहूनही मोठं. तिथे एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायचं म्हणजे हायवेचाच प्रवास.

खरं खरं बोलायचं तर 65 ऐवजी 70 मैल स्पीडने 30 मैल गेलात तर जाताना दोन मिनिटं वाचतात, येताना दोन. बस्स. मग एवढा खटाटोप कशाला? कारण नीट सेट झालेली बोट नुसती टॉपला पळत नाही, ती लवकर पाण्यावर येते, तेवढ्याच स्पीडला पेट्रोल कमी पिते, लाटांमधे कमी आपटते आणि इंजिनावर ताण कमी येतो. टॉप स्पीड हा मला त्या सगळ्याचा थर्मामीटर वाटतो, म्हणून मी त्याच्या मागे लागतो.

आता वजन. बोट पाण्यावर आली, म्हणजे तळाचा बराचसा भाग पाण्याबाहेर उचलला गेला, की स्पीड साधारणपणे पॉवर भागिले वजन याच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. हे अगदी काटेकोर गणित नाही, पण अंदाजाला पुरतं. समजा 20 फुटी बोट आहे, 250 हॉर्सपॉवर. नुसता सांगाडा 1950 पाउंड, इंजिन 520, 40 गॅलन पेट्रोल 250, बॅटऱ्या 250, दोन माणसं 380, सामान 200, ट्रोलिंग मोटर आणि स्क्रीनं वगैरे 150. झाले 3700 पाउंड, म्हणजे जवळपास 1680 किलो. आता लाइव्हवेल भरा, 30 गॅलन पाणी, एक गॅलन म्हणजे 8.3 पाउंड, तर अडीचशे पाउंड अजून. बोट 70 जात असेल तर आता 68 च्या खाली येते. नुसत्या पाण्याने दोन मैल. म्हणून सकाळी निघताना लाइव्हवेल रिकामं ठेवायचं, मासा लागेल तेव्हा भरायचं, आणि निघायच्या आधी बिल्ज पंप एकदा चालवून तळात साठलेलं पाणी काढून टाकायचं. याला पैसा लागत नाही. अर्थात मासा आत असेल तर पाणी ठेवायलाच हवं, दोन मैलांसाठी मासा मारायचा नाही, तो जिवंत परत सोडायचा असतो.

पेट्रोलचंही तसंच, एक गॅलन साधारण सहा पाउंडाच्या थोडं वर. पण इथे मी कंजूषपणा करा म्हणणार नाही. मोठ्या तळ्यावर टाकी संपणं हे दोन मैल कमी जाण्यापेक्षा फार वाईट. दिवसाला लागतं त्यापेक्षा तिसरा हिस्सा जास्त ठेवा आणि बाकी विसरा. सामान मात्र वर्षातून एकदा सगळं बाहेर काढून अंगणात मांडा, तीन वर्षं हात न लावलेले डबे निघतात आणि शिशाचं वजन किती होतं ते उचलल्यावरच कळतं.

लिथियम बॅटऱ्यांबद्दल फार विचारलं जातं. ट्रोलिंग मोटर 36 व्होल्टची असेल तर तिला तीन बॅटऱ्या लागतात, जुन्या पद्धतीची मोठी बॅटरी 65 पाउंडाच्या आसपास, तेवढीच लिथियम 25 ते 30. तीन बदलल्या तर शंभर-सव्वाशे पाउंड वाचतात, आणि वरच्या हिशोबाने स्पीड वाढतो एक मैल. एका मैलासाठी एवढे पैसे घालायचे का ते तुम्ही ठरवा, दिवसभर ट्रोलिंग मोटरचा जोर टिकतो हा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. पण एक गोष्ट लोक विसरतात, बॅटऱ्या बोटीच्या मागच्या टोकाला असतात, तिथलं शंभर पाउंड काढलं की बोटीचा तोल बदलतो, नाक थोडं जड होतं, आणि कधीकधी बॅटऱ्या बदलून स्पीड अजिबात वाढत नाही तो याच कारणाने. नंतर इंजिनाची उंची आणि प्रॉप, म्हणजे पाण्यात फिरून बोट ढकलणारा पंखा, परत बघावा लागतो.

म्हणजे वजन किती याच्याइतकंच वजन कुठे हे महत्त्वाचं. बास बोटीच्या तळाला मधोमध मागच्या बाजूला एक अरुंद सपाट पट्टी असते, तिला पॅड म्हणतात. पूर्ण स्पीडला बोट जवळजवळ त्या पट्टीवरच पळते, बाकी सगळा तळ हवेत. नाक जड असेल तर बोट पॅडवर चढतच नाही, तळाचा जास्त भाग पाण्याला घासत राहतो आणि मग कितीही थ्रॉटल दाबा. पुढच्या कप्प्यांमधे जड डबे, मोठा नांगर, वर ट्रोलिंग मोटर, हे सगळं नाकावर बसतं. जड डबे शक्य तेवढे मागे, सीटच्या जवळच्या कप्प्यात आणा. पण एकदम शेवटच्या टोकाला सगळं ढकललं तर उलटा त्रास, निघताना नाक आभाळाकडे जातं आणि पाण्यावर यायला वेळ लागतो, आणि मधल्या स्पीडला बोट सारखी वरखाली डुलत राहते, त्याला पोरपॉइझिंग म्हणतात.

डावं-उजवंही बघायचं. प्रॉप मागून बघितला तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, त्याच्या उलट धक्क्याने बोट डावीकडे झुकायला बघते, म्हणूनच ड्रायव्हरची सीट उजवीकडे ठेवलेली असते. एकटे असाल तर तुमच्या वजनाने ते भागतं, शेजारी डावीकडे दणकट जोडीदार बसला की बोट डावीकडे कलते, मग जड सामान उजव्या कप्प्यात. एवढ्या साध्या बदलाने टॉप स्पीडला बोट किती शांत पळते ते करून बघा.

आता प्रॉप, आणि इथे थोडं थांबतो कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात आणि सगळ्यात जास्त फायदाही इथेच आहे. प्रॉपवर एक आकडा असतो, पिच, समजा 25. लाकडात स्क्रू फिरवला की प्रत्येक फेऱ्याला तो ठरावीक अंतर आत जातो, तसा 25 पिचचा प्रॉप एका फेऱ्यात कागदोपत्री 25 इंच पुढे जायला हवा. पण पाणी लाकडासारखं घट्ट नाही, ते सरकतं, त्यामुळे प्रत्यक्षात कमी जातो, आणि जेवढं कमी पडतं त्याला स्लिप म्हणतात. इंजिनाचे फेरे आणि प्रॉपचे फेरेही सारखे नसतात, मधे गिअर असतो, बऱ्याच 250 च्या आउटबोर्डला 1.75 चा, म्हणजे इंजिन पावणेदोन वेळा फिरलं की प्रॉप एकदा फिरतो.

हिशोब असा. इंजिनाचा आरपीएम, म्हणजे मिनिटाला होणारे फेरे, गुणिले पिच, भागिले गिअर रेशो, भागिले 1056. हा 1056 जादूचा नाही, मैलाचे इंच केले आणि तासाच्या मिनिटांनी म्हणजे 60 ने भागलं की तो येतो. 5800 आरपीएम, 25 पिच, 1.75 गिअर घातलं तर उत्तर येतं साडेअठ्ठ्याहत्तर मैल. जीपीएसवर तुम्हाला 68 दिसत असेल तर स्लिप झाली 13 टक्क्यांच्या वर. चांगल्या बसलेल्या बास बोटीत भरलेली असताना ही दहाच्या आसपास किंवा खाली असायला हवी. 15 च्या वर गेली तर काहीतरी नक्की चुकतंय, इंजिन फार वर उचललंय, नाहीतर प्रॉपच्या पात्याला मार लागलाय, नाहीतर तो प्रॉप या बोटीचं नाक उचलूच शकत नाहीये. मला हा एक आकडा कुठल्याही सल्ल्यापेक्षा जास्त उपयोगी वाटतो, फोनच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटात निघतो आणि घरबसल्या कळतं की रोग इंजिनाच्या ताकदीत आहे की प्रॉपच्या पकडीत.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे पूर्ण थ्रॉटलला आरपीएम कितीवर जातो. प्रत्येक इंजिनाला कंपनीने रेंज दिलेली असते, बऱ्याच फोर-स्ट्रोक मोटरींची ती 5000 ते 6000 च्या आसपास असते, तुमच्या मोटरीची मॅन्युअलमधे बघा. भरलेली बोट घेऊन, ट्रिम, म्हणजे इंजिनाचा बोटीकडे आत किंवा बाहेर असलेला कल, नीट करून, आरपीएम त्या रेंजच्या वरच्या टोकाजवळ गेला पाहिजे. रिकाम्या बोटीत 5900 जात होता आणि भरल्यावर 5400 ला अडकला तर त्या वजनाला प्रॉप मोठा झाला, इंजिन दमतंय, पॉवर जिथे सगळ्यात जास्त मिळते तिथपर्यंत ते पोचतच नाही. पिच एक इंच कमी केला की आरपीएम दीडशे ते दोनशेने वाढतो. म्हणजे दोन इंच कमी केला तर 5700-5800 ला येतो. लोकांना वाटतं पिच कमी म्हणजे स्पीड कमी, जास्त पिच म्हणजे जास्त स्पीड, म्हणून 26, 27 लावत सुटतात. भरलेल्या बोटीत बऱ्याचदा उलट होतं, 24 चा प्रॉप 26 च्या पुढे जातो, कारण इंजिन मोकळं फिरतं. इंजिनाला कायम कमी आरपीएमवर रेटत ठेवणं त्याच्या तब्येतीलाही चांगलं नाही.

तीन पात्यांचा की चार पात्यांचा हा वादही कायमचा. तीन पात्यांचा प्रॉप हलका फिरतो आणि हलक्या बोटीत टॉपला एक-दोन मैल जास्त देतो, पुढचं नाक छान उचलतो. चार पात्यांचा पाणी घट्ट धरून ठेवतो, मागची बाजू उचलतो, निघताना झटकन पाण्यावर आणतो आणि वळणावर, लाटेत सुटत नाही. दोन माणसं आणि सगळं सामान घेऊन जाणाऱ्याने मला विचारलं तर मी चार पात्यांचा आधी लावून बघा म्हणेन, पिच तीन पात्यांपेक्षा एक इंच कमी घेऊन, कारण वजन वाढलं की पकडीला किंमत येते आणि कागदावर गेलेला एक मैल कमी स्लिपमधे परत येतो. पण बोट तशी प्रॉप, शेजाऱ्याच्या बोटीला लागू पडला म्हणून विकत घेऊ नका, बरेच डीलर आणि प्रॉपची दुकानं ट्रायलला देतात, विचारा. आणि लावायचा तो स्टेनलेस स्टीलचाच, अ‍ॅल्युमिनियमची पाती एवढ्या ताकदीला वाकतात.

इंजिनाची उंची हा तिसरा भाग. इंजिन आणि बोटीच्या मधे जॅक प्लेट असते, ती इंजिनाला सरळ वरखाली करते आणि शिवाय बोटीपासून 8, 10, 12 इंच मागे नेते. मागे नेण्याचं कारण असं की बोटीच्या तळाखालून निघालेलं पाणी मागे गेल्यावर थोडं वर उठतं, त्यामुळे इंजिन अजून वर उचलता येतं आणि तरी प्रॉपला पाणी मिळतं. इंजिनाचा खालचा गिअरचा भाग पाण्यात जेवढा कमी तेवढा घर्षणाचा त्रास कमी, आणि एवढ्या स्पीडला ते घर्षण बरंच असतं. माप घ्यायचं ते ट्रेलरवर, बोटीचं पॅड सपाट करून, इंजिन पॅडला समांतर ठेवून, पॅडच्या खालच्या पातळीपासून प्रॉपच्या शाफ्टच्या मध्यापर्यंत. साडेतीन इंच खाली ही सुरुवातीला चांगली जागा. तिथून पाव पाव इंच वर घेत जा आणि प्रत्येक वेळी जीपीएस आणि वॉटर प्रेशर दोन्ही बघा. स्पीड वाढायचा थांबला, किंवा स्लिप वाढायला लागली, किंवा वळताना प्रॉप सुटून इंजिन ओरडायला लागलं, की पाव इंच खाली या. वॉटर प्रेशर मॅन्युअलमधल्या आकड्याखाली अजिबात जाऊ द्यायचं नाही, इंजिन ज्या तोंडातून थंड पाणी ओढतं ती तोंडं पाण्याबाहेर आली तर एका मैलापायी हजारो डॉलरचं इंजिन जळतं. वॉटर प्रेशर गेज नसेल तर आधी ते बसवा, जॅक प्लेट नंतर.

तळ साफ आणि सरळ आहे का तेही बघून घ्या. ट्रेलरच्या लाकडी पट्ट्या चुकीच्या जागी टेकत असतील तर वर्षानुवर्षं उभ्या बोटीचा तळ मागच्या टोकाला किंचित आत दबतो, आणि तो दबलेला भाग पाण्यात नाक खाली दाबत राहतो. लांब सरळ पट्टी पॅडवर धरून फट दिसते का बघायचं. शेवाळ, चिखलाचा थर, पॅडच्या मागच्या कडेला उडालेले टवके, यानेही स्पीड जातो. हवेचाही अडथळा आहे, 70 मैल म्हणजे ताशी 113 किलोमीटर, एवढ्या वाऱ्यात उभी ठेवलेली खुर्ची म्हणजे ब्रेकच. खुर्च्या काढून ठेवा, रॉड बांधा, स्वतः थोडं खाली बसा.

चालवताना काय करायचं? निघताना इंजिन पूर्ण आत ट्रिम, जॅक प्लेट खाली. बोट पाण्यावर आली की प्लेट वर आणि ट्रिम हळूहळू बाहेर, नाक उचललं जातं, स्पीड वाढत जातो, आणि एका जागी आरपीएम वाढतो पण स्पीड वाढत नाही, तिथे थांबायचं. त्याच्या पुढे फक्त स्लिप. पॅडवर पळणारी बोट डावी-उजवीकडे झुलायला लागते, याला चाइन वॉक म्हणतात, ते वाढू द्यायचं नाही, स्टिअरिंगने अगदी छोट्या आणि लवकर दुरुस्त्या करायच्या, नाही जमलं तर ट्रिम थोडी आत आणि थ्रॉटल हलकेच कमी. एकदम थ्रॉटल सोडायचा नाही, नाक आपटतं आणि बोट गर्रकन फिरू शकते. लाइफ जॅकेट आणि किल स्विचची दोरी (ड्रायव्हर जागेवरून फेकला गेला तर तिच्यामुळे इंजिन बंद पडतं) लावल्याशिवाय हे काहीही करू नका. 26 फुटांखालच्या बोटींना किल स्विच वापरणं अमेरिकेत 1 एप्रिल 2021 पासून कायद्यानेच सक्तीचं आहे, पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. 20 फुटांखालच्या बोटीवर माणसं आणि वजन किती याची पाटी असते, ती मर्यादा पाळा, तिच्यापेक्षा जास्त हॉर्सपॉवरही लावायची नाही. आणि तळं कुठलं ते बघा, लेक फोर्कसारख्या ठिकाणी पाण्यात मेलेली झाडं उभी आहेत, तिथे खुणा केलेल्या लेनबाहेर स्पीडचा विचारही नको.

टेस्ट करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रॉप आणि उंची एकदम बदलली तर कशाने काय झालं ते कधीच कळत नाही. पूर्ण सामान, नेहमीचा जोडीदार, टाकी अर्ध्याच्या वर, आणि जीपीएसवर दोन्ही दिशांना पळवून सरासरी, कारण एका दिशेला वारा पाठीमागून असतो. हलकी चुळबुळ असलेलं पाणी घ्या, आरशासारख्या पाण्यात बोट चिकटून पळते, थोड्या लहरी असल्या की तळाखाली हवा शिरते आणि एखादा मैल जास्त मिळतो. तापमान लिहून ठेवा. 10 डिग्रीच्या हवेपेक्षा 40 डिग्रीची हवा जवळपास 10 टक्के विरळ असते आणि इंजिनाला ऑक्सिजन तेवढाच कमी मिळतो, त्यामुळे जानेवारीत टेक्सासमधे काढलेला आकडा ऑगस्टमधे शोधत बसू नका. ऑगस्टमधे भरलेली बोट, दमट गरम हवा, आरपीएम दोनशेने खाली, हे ठरलेलंच. ज्यांना वर्षभर स्पर्धा खेळायच्या असतात त्यातले बरेच जण उन्हाळ्यासाठी एक इंच कमी पिचचा दुसरा प्रॉप ठेवतात, आणि माझ्या मते जॅक प्लेटचं नवीन मॉडेल घेण्याआधी तो पैसा तिथे घालावा.